बंद पडलेल्या लॅपटॉपमधील फाइली: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

जुन्या लॅपटॉपमध्ये अडकलेल्या फाइली दुसऱ्या संगणकाच्या मदतीने कशा बाहेर काढाव्यात, याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पुढील सर्व उत्तरांत एक नियम गृहीत धरलेला आहे: जुन्या डिस्कवरून फक्त वाचायचे, तिच्यावर काहीही लिहायचे नाही. फॉरमॅट करणे, ‘दुरुस्ती’चा पर्याय निवडणे, विंडोज पुन्हा टाकणे, फाइली ‘कट’ करून हलवणे ही सगळी लिहिण्याचीच कामे आहेत. फाइली केवळ डिस्क बंद पडल्यामुळेच नव्हे, तर घाईने केलेल्या अशा कामांमुळेही जातात, म्हणून हा आग्रह.

प्रश्न: माझा लॅपटॉप जुना असून काही दिवसांपूर्वी अचानक बंद पडला. बटण दाबले तरी दिवासुद्धा लागत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आणि लॅपटॉप आता ठेवण्यात अर्थ नाही, असा सल्ला दिला. त्यात माझ्या प्रबंधाची टिपणे आणि वडिलांची छायाचित्रे आहेत. घरात दुसरा संगणक आहे. त्याला जोडून फाइली काढता येतील का? मला संगणक उघडण्याचा अनुभव नाही.

उत्तर: बहुतेक करून काढता येतील. आपल्या फाइली मदरबोर्डवर नसून हार्ड डिस्कवर आहेत आणि हे दोन भाग वेगवेगळे आहेत. मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड किंवा बॅटरी यांपैकी काहीही निकामी झाले, तरी डिस्क आतून पूर्णपणे ठणठणीत असू शकते. त्यामुळे लॅपटॉप ‘गेला’ हे ऐकून फाइलींचीही आशा सोडण्याचे काहीच कारण नाही. लॅपटॉप मात्र डिस्क काढून घेतल्याशिवाय कोणालाही देऊ नये.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी एक साधी खात्री करून घ्यावी. लॅपटॉप सुरू केल्यावर पंख्याचा आवाज येत असेल किंवा दिवा लागत असेल आणि फक्त पडदा काळा राहत असेल, तर दोष पडद्याचा असू शकतो. अशा वेळी एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून पाहावा. चित्र दिसले, तर डिस्क काढण्याचा प्रश्नच उरत नाही. नेहमीप्रमाणे लॉगिन करून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. आपल्या बाबतीत दिवाही लागत नाही, म्हणजे दुसऱ्या चार्जरने एकदा पाहून मग डिस्क काढण्याकडे वळावे.

चार्जर काढून ठेवावा आणि बॅटरी बाहेरून निघणारी असेल, तर तीही काढावी. बऱ्याच जुन्या लॅपटॉपच्या तळाशी एक-दोन स्क्रूंनी बसवलेले छोटे झाकण असते आणि त्याखाली डिस्क असते. तसे झाकण नसेल, तर तळाचा पूर्ण पत्रा काढावा लागतो. त्याचे सगळे स्क्रू निघाल्यावरही तो प्लास्टिकच्या खाचांमध्ये अडकून राहतो, त्यामुळे धातूच्या हत्याराने उचकटण्याऐवजी प्लास्टिकचे पातळ कार्ड कडेने फिरवून तो मोकळा करावा. बॅटरी आत असल्यास तिची मदरबोर्डला जोडलेली पिन आधी सोडवावी आणि मगच डिस्कला हात लावावा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून ते कागदावर ज्या जागेचे त्या जागी मांडून ठेवलेले बरे. डिस्क बहुधा धातूच्या छोट्या चौकटीत बसवलेली असते. ती वर खेचायची नसते, तर आडवी सरकवून कनेक्टरमधून मोकळी करायची असते. हात लावण्यापूर्वी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श केल्यास अंगावरील स्थिर वीज निघून जाते. डिस्कच्या हिरव्या पट्टीला, म्हणजे सर्किट बोर्डला, बोटे लावू नयेत.

आता हातात काय आले आहे, ते नीट ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण जोडणीची केबल त्यावर ठरते. २.५ इंची चपटी डिस्क असेल आणि तिच्या एका कडेला सोनेरी पट्ट्यांचे, मध्ये फट असलेले दोन सपाट कनेक्टर असतील, तर ती सॅटा प्रकारची आहे. त्यांतील लहान कनेक्टर ७ पट्ट्यांचा असून तो माहितीसाठी असतो, तर मोठा १५ पट्ट्यांचा असून तो विजेसाठी असतो. सॅटा २००३ च्या सुमारास आली आणि पुढच्या काही वर्षांत लॅपटॉपमध्ये रुळली. त्याआधीच्या डिस्कवर दोन ओळींत मिळून सुयांसारख्या ४४ पिना दिसतात. ती आयडीई प्रकारची डिस्क होय. या प्रकारात शेजारीच थोडी जागा सोडून आणखी ४ पिना असतात. त्या जोडणीच्या नसून जंपरच्या, म्हणजे डिस्कची मांडणी ठरवण्याच्या, असतात. केबल एक पिन बाजूला सरकून बसली, तर डिस्क जळू शकते, म्हणून ती लावताना चांगल्या उजेडात दोन्ही टोके पाहावीत. काही लॅपटॉपमध्ये या पिनांवर एक छोटा जोडतुकडा बसवलेला असतो. तो हळूच ओढून काढल्याशिवाय केबल बसत नाही आणि तो डिस्कचाच भाग आहे असे समजून अनेकजण इथेच थांबतात.

चपट्या डिस्कऐवजी च्युइंगगमच्या पट्टीएवढा उघडा सर्किट बोर्ड निघाला, तर तो एम.२ प्रकारचा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारा ड्राइव्ह, आहे. त्याच्यावर २२८० असा आकडा असेल, तर त्याचा अर्थ रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर एवढाच होतो. तो सॅटा आहे की एनव्हीएमई या दुसऱ्या जोडणीपद्धतीचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी वरचे लेबल वाचावे लागते, कारण केवळ सॅटासाठी असलेल्या केसिंगमध्ये, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडण्याच्या डबीत, एनव्हीएमई एसएसडी चालत नाही. दोन्ही प्रकार चालवणारी केसिंग मिळतात आणि शंका असेल तेव्हा तीच घ्यावीत.

सॅटा डिस्कसाठी सॅटा ते यूएसबी केबल किंवा बंद केसिंग, दोन्ही चालतात. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते आणि ती वीज यूएसबी पोर्टमधूनच मिळते. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र पॉवर अडॅप्टर आवश्यक असतो. नियमाप्रमाणे यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर वीज देतो. डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला यापेक्षा जास्त वीज लागू शकते. डिस्क फिरण्याचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा थांबत असेल, तर ती खराब झाली असे ठरवण्यापूर्वी यूएसबी हब काढून टाकावा, केबल थेट संगणकाच्या पोर्टला लावावी आणि शक्य असल्यास दोन यूएसबी टोके असलेली केबल वापरून पाहावी. चांगली डिस्क केवळ अपुऱ्या विजेमुळे बाद ठरवली जाते, असे अनेकदा घडते.

डिस्क सपाट, स्थिर जागेवर ठेवून जोडावी आणि फिरत असताना ती हलवू नये. जोडल्यावर विंडोजमध्ये एकाच डिस्कचे दोन-तीन विभाग वेगवेगळ्या ड्राइव्ह अक्षरांनी दिसू शकतात. त्यांतील लहान विभाग विंडोजच्या स्वतःच्या आणि उत्पादकाच्या वापरासाठी असतात. आपल्या फाइली मोठ्या विभागात असतात आणि विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांमध्ये त्या ‘युजर्स’ या फोल्डरमध्ये आपल्या नावाखाली सापडतात. एक्सपी असल्यास ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हे फोल्डर पाहावे. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही तिथेच, ‘डेस्कटॉप’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. बरेच लोक फक्त ‘डॉक्युमेंट्स’ उतरवून घेतात आणि रोजच्या कामाच्या फाइली नेमक्या मागे राहतात.

उतरवताना क्रम ठरवून घ्यावा. जे पुन्हा कोठूनही मिळणार नाही, ते प्रथम घ्यावे. आपल्या बाबतीत प्रबंधाची टिपणे आकाराने लहान असणार, म्हणून ती आधी, त्यानंतर वडिलांची छायाचित्रे आणि शेवटी चित्रफिती. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ ही फोल्डर उतरवण्यात वेळ घालवू नये, कारण प्रोग्राम नुसते उचलून आणले तरी ते दुसऱ्या संगणकावर सहसा चालत नाहीत. काम झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील फाइलींची संख्या आणि आकार जुळतात का ते पाहावे आणि वेगवेगळ्या फोल्डरमधील थोड्या फाइली प्रत्यक्ष उघडून बघाव्यात. जुन्या डिस्कवर व्हायरस असू शकतो, त्यामुळे तिच्यावरील कोणताही प्रोग्राम चालवू नये आणि उतरवलेल्या प्रतीची अँटीव्हायरसने तपासणी करावी. प्रबंधाची आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय जुनी डिस्क निकालात काढू नये.

प्रश्न: डिस्क जोडली, मोठा विभाग दिसला, पण माझ्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. फोल्डर माझेच आहे आणि जुन्या लॅपटॉपचा पासवर्डही मला आठवतो. तो कोठे द्यायचा?

उत्तर: तो कोठेही द्यायचा नाही. विंडोज प्रत्येक फोल्डरबरोबर त्याच्या मालकाची नोंद ठेवते आणि ही नोंद नावाने नसून एका लांबलचक ओळखक्रमांकाने असते. नव्या संगणकावरील आपले खाते त्याच नावाचे असले, तरी त्याचा क्रमांक वेगळा असतो, म्हणून विंडोज आपल्याला परके समजते. संदेशातील ‘कंटिन्यू’ हे बटण प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्यातून दाबल्यास विंडोज त्या फोल्डरची परवानगी आपल्या खात्याला देते आणि ते उघडते. फोल्डर मोठे असल्यास याला बराच वेळ लागतो. खिडकीतील प्रगती दाखवणारी हिरवी पट्टी सरकत नाही असे वाटले, तरी केबल उपटू नये.

या उपायाने जुन्या डिस्कवर परवानग्यांची नवी नोंद लिहिली जाते, हे मात्र लक्षात घ्यावे. डिस्क निरोगी असेल, तर त्याने काही बिघडत नाही. ती वाचताना अडखळत असेल, तर याऐवजी पुढे एका उत्तरात सांगितलेला लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीचा, मार्ग धरावा, कारण तिथे या परवानग्या आड येत नाहीत.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते आणि ती प्रत्येकाने जाणून घेण्यासारखी आहे: विंडोजचा लॉगिन पासवर्ड डिस्कवरील फाइलींचे रक्षण करत नाही. डिस्क ज्याच्या हाती पडेल, तो तिच्यातील सारे वाचू शकतो. याला अपवाद दोन. डिस्क किंवा फाइली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवलेल्या असतील, किंवा बायॉसमधून, म्हणजे विंडोजआधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्राममधून, प्रत्यक्ष डिस्कलाच पासवर्ड घातलेला असेल, तर त्या अशा सहज उघडत नाहीत.

प्रश्न: माझा लॅपटॉप तुलनेने नवा होता. त्यातील एसएसडी केसिंगमध्ये घालून जोडल्यावर ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसते आणि ४८ अंकी क्रमांक मागितला जातो. मी असा कोणताही क्रमांक कधी ठेवलेला नाही.

उत्तर: आपण ठेवला नसला, तरी तो बहुधा आपल्या नावाने ठेवला गेलेला आहे. हे बिटलॉकर नावाचे एन्क्रिप्शन आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन करतानाच ते आपोआप सुरू होते आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठवली जाते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून त्या खात्याच्या संकेतस्थळावर जावे आणि उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की शोधाव्यात. एकापेक्षा जास्त की दिसल्या, तर कुलूप उघडण्याच्या खिडकीत दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरे त्या यादीशी ताडून पाहिली की योग्य की सापडते. लॅपटॉप कार्यालयाने किंवा महाविद्यालयाने दिलेला असेल, तर की त्यांच्या संगणक विभागाकडे असण्याचा संभव अधिक आहे.

घरात एकापेक्षा अधिक मायक्रोसॉफ्ट खाती असतील, तर ती सगळी तपासावीत. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करणारी व्यक्ती मुलगा किंवा मुलगी असेल, तर की त्यांच्या खात्यात असते आणि घरातले बाकीचे ती आपल्या खात्यात शोधत बसतात. दुसरी शक्यता अशी की, मूळ लॅपटॉप अजून सुरू होत असेल, तर एसएसडी परत त्याच्यातच बसवून पाहावा. बिटलॉकरची चावी सामान्यतः त्या लॅपटॉपमधील टीपीएम या सुरक्षा चिपशी जोडलेली असते, त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह काही न विचारता उघडतो.

की कोठेच मिळाली नाही, तर स्पष्ट सांगायला हवे की फाइली मिळणार नाहीत. ‘बिटलॉकर तोडून देतो’ असे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर खर्च करू नये. की हरवली, तर स्वतः मायक्रोसॉफ्टलाही ती पुन्हा तयार करून देता येत नाही.

प्रश्न: लॅपटॉप सुरू होतो, पण विंडोज गोल फिरत राहते आणि पुढे जात नाही. लॅपटॉप उघडण्याचे धाडस होत नाही. काही दुसरा मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि यंत्र चालू असेल तेव्हा हाच मार्ग सर्वांत सुरक्षित आहे. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारखी लिनक्सची प्रत उतरवून घ्यावी आणि रूफस किंवा बलेना एचर या मोफत साधनाने ती किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, म्हणून रिकामा पेन ड्राइव्ह घ्यावा. तो बंद लॅपटॉपला लावून सुरू करतानाच एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबत राहिल्यास कोठून सुरू करायचे याची यादी येते. तिच्यातून पेन ड्राइव्ह निवडावा.

पुढे ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे पर्याय येतात. इथे ‘ट्राय’च निवडावे. ‘इन्स्टॉल’चा मार्ग धरून पुढे गेल्यास जुनी डिस्क पुसली जाऊ शकते. ‘ट्राय’मध्ये लिनक्स केवळ पेन ड्राइव्हवरून आणि मेमरीतून चालते. फाइलींच्या खिडकीत डाव्या बाजूला विंडोजचा विभाग दिसतो, तो उघडावा आणि बाहेरची डिस्क दुसऱ्या पोर्टला लावून फाइली तिच्यावर उतरवाव्यात. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी.

विंडोज नीट बंद झालेले नसेल, तर लिनक्स तो विभाग फक्त वाचण्यासाठी उघडते किंवा तशी सूचना देते. तिने घाबरून जाऊ नये. फक्त वाचणे एवढेच आपल्याला हवे आहे. ज्या लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेली असते आणि वेगळी काढताच येत नाही, त्यांच्यासाठीही यंत्र सुरू होत असेपर्यंत हाच उपाय कामी येतो.

प्रश्न: डिस्क जोडल्यावर ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. आतून टिकटिक असा आवाजही येतो. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय एका ओळखीच्यांनी सुचवला आहे. करून पाहू का?

उत्तर: कृपा करून फ्रीजरचा उपाय करू नये. थंड डिस्क बाहेर काढताच हवेतील बाष्प तिच्यावर आणि तिच्या आत जमते आणि उरलेली शक्यताही संपते. डिस्क उघडून पाहण्याचा विचारही मनात आणू नये. तिच्या तबकडीवर वाचन करणारे हेड पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते आणि साध्या खोलीतील धुळीचा कण त्या अंतरापेक्षा कितीतरी पट मोठा असतो.

आपल्या प्रश्नात दोन वेगवेगळी लक्षणे आहेत आणि त्यांचा विचार वेगळा करायला हवा. नुसता फॉरमॅटचा संदेश याचा अर्थ फाइली गेल्या असा नाही. विभागाची सुरुवातीची नोंद बिघडली की विंडोजला आतील रचना समजत नाही आणि ते फॉरमॅटचा आग्रह धरते. मॅकची डिस्क विंडोजला जोडल्यावरही असाच संदेश येतो, कारण विंडोज ती पद्धत वाचतच नाही. दोन्ही वेळा उत्तर ‘कॅन्सल’ हेच असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘इनिशलाइझ’ करण्याविषयी विचारले जाते, त्यालाही नकारच द्यावा. चेक डिस्क हे विंडोजचे दुरुस्ती साधन तर आजारी डिस्कवर मुळीच चालवू नये, कारण ती फाइलींचा विचार न करता रचना सुसंगत करते आणि त्या नादात फाइलींचे तुकडे बाजूला पडतात.

टिकटिक हे मात्र गंभीर लक्षण आहे. वीज पुरेशी मिळत असतानाही एकसारखा, ठरावीक अंतराने टक टक आवाज येत असेल, तर हेड आपली जागा शोधू शकत नाही, असा त्याचा अर्थ होतो आणि डिस्क जितका वेळ चालू राहील, तितका तबकडीला ओरखडे पडण्याचा धोका वाढतो. आतील फाइली खरोखर मोलाच्या असतील, तर इथेच वीज बंद करावी आणि धूळरहित खोलीची सोय असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे डिस्क सोपवावी. तेथे देताना डिस्कवर आतापर्यंत काय काय केले, ते सारे सांगावे. सर्किट बोर्ड दुसऱ्या डिस्कचा लावून पाहण्याचा प्रयोगही घरी करू नये. प्रत्येक डिस्कच्या बोर्डवरील चिपमध्ये त्याच डिस्कच्या मोजमापांची नोंद असते आणि ती जुळल्याशिवाय नवा बोर्ड चालत नाही.

आवाज नाही, पण डिस्क फार सावकाश वाचते किंवा मध्येच अडकते, अशी स्थिती असेल, तर घरी करण्यासारखे बरेच काही आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद, पाहावी. पुन्हा नेमलेल्या (रिअलोकेटेड) आणि प्रतीक्षेतील (पेंडिंग) सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरील बिघडलेल्या किंवा संशयित जागांचे, आकडे शून्यापेक्षा जास्त असतील, तर डिस्क खालावते आहे. अशा डिस्कवरून एकेक फाइल निवडून उतरवत बसण्यापेक्षा संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा (इमेज), म्हणजे एकाच मोठ्या फाइलमधली प्रत, काढणे श्रेयस्कर आहे. लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन यासाठीच बनले आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग पटापट उतरवते, अडणारा भाग सोडून पुढे जाते आणि त्याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवते, मग शेवटी त्या अवघड जागांकडे परत वळते. वीज गेली किंवा डिस्क मध्येच थांबली, तर मॅप फाइलच्या आधारे काम सोडले तेथून पुढे चालू होते. प्रतिमेसाठी जुन्या संपूर्ण डिस्कपेक्षा मोठी जागा लागते, तिच्यात फाइली किती आहेत याला महत्त्व नाही. आदेश देताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती लक्ष्य हे दोनदा तपासावे, कारण नावे उलटी पडल्यास जुनी डिस्क पुसली जाते.

प्रतिमा तयार झाली की जुनी डिस्क बाजूला ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतिमेच्या प्रतीवर करावेत. हरवलेला विभाग शोधायला टेस्टडिस्क आणि सुट्या फाइली वेचायला फोटोरेक ही दोन्ही मोफत साधने उत्तम आहेत. फोटोरेक फाइलीच्या सुरुवातीची खूण ओळखून काम करते, त्यामुळे छायाचित्रे परत मिळतात, पण त्यांची मूळ नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फाइली हाताने लावत बसावे लागते, याची मनाची तयारी ठेवावी.

प्रश्न: लॅपटॉप बंद पडण्यापूर्वी काही फाइली चुकून डिलीट झाल्या होत्या. डिस्क काढल्यावर त्याही मिळतील का?

उत्तर: फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि त्यानंतर तिच्यावर फारसे लिहिले गेले नसेल, तर वर सांगितलेल्या फोटोरेकने चांगली शक्यता आहे. एसएसडी असेल, तर शक्यता फार कमी. विंडोज ७ पासून डिलीट केलेली जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला ट्रिम नावाच्या आदेशाने कळवले जाते आणि एसएसडी ती जागा स्वतःहून साफ करून टाकतो. वनड्राइव्ह वापरत असाल, तर मात्र त्याच्या संकेतस्थळावरील रिसायकल बिन जरूर पाहावी. वनड्राइव्हच्या फोल्डरमधील काही फाइली लॅपटॉपवर केवळ नावापुरत्या असतात आणि त्यांचा मजकूर मुळात डिस्कवर नसतोच, त्यामुळे त्या डिस्कवर शोधण्याऐवजी खात्यातच शोधाव्यात.

प्रश्न: वर्डच्या जुन्या मराठी फाइली मिळाल्या, पण उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक सरमिसळ दिसते. फाइली खराब झाल्या आहेत का?

उत्तर: नाही. आपल्या फाइली शाबूत आहेत. युनिकोड ही प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप केला जात असे. त्या पद्धतीत फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच सांकेतिक क्रमांक साठवले जातात आणि त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवण्याचे काम तो फॉन्ट करतो. नव्या संगणकावर फॉन्ट नाही, म्हणून खालची अक्षरे उघडी पडली आहेत. हे न कळल्यामुळे अनेकांनी कष्टाने मिळवलेल्या फाइली ‘करप्ट’ समजून पुसून टाकल्या आहेत, याचे फार वाईट वाटते.

निरर्थक दिसणाऱ्या मजकुरावर कर्सर ठेवून वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत पाहावे. संगणकावर तो फॉन्ट नसला, तरी त्याचे नाव तिथे दिसते. त्या नावाचा फॉन्ट जुन्या डिस्कवरील ‘विंडोज’ फोल्डरच्या आतील ‘फॉन्ट्स’ या फोल्डरमध्ये असतो, म्हणून सुरुवातीला वगळायला सांगितलेल्या ‘विंडोज’ फोल्डरमधील हे एकच उपफोल्डर अवश्य उतरवून घ्यावे. फॉन्ट नव्या संगणकावर बसवला की मजकूर पूर्ववत दिसू लागतो. पुढच्या वापरासाठी तो युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. त्यासाठी मिळणारी रूपांतर साधने विशिष्ट फॉन्टसाठी बनवलेली असतात, तेव्हा नेमक्या त्याच फॉन्टचे साधन निवडावे. रूपांतर झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे मूळ मजकुराशी ताडून डोळ्यांखालून घालावीत, कारण चुका बहुधा तिथेच राहतात, आणि हे होईपर्यंत मूळ फाइल व फॉन्ट दोन्ही जपून ठेवावेत.